डोंगरदेवीचा मत्सर

सायोनं भातात खारवलेलं उमेफळ खोचलं आणि डबे बांधले. "आज दोन डबे. लेकीचा वर्ग तुमचा बोगदा बघायला येतोय ना!"

इवाओ मुकादम हसला. ड्रिलवर हात ठेवू देईन, असा शब्द त्यानंच लेकीला, चिझुरूला दिला होता. पोरीनं अंगणात चिखलाचा डोंगर रचून तो दोन्ही बाजूंनी पोखरला होता. दोन्ही भोकं मधोमध नेमकी भेटली, तेव्हा बापच टाळ्या पिटत नाचला होता.

वर्ग बोगद्याच्या तोंडाशी पोचला तसा म्हातारा मजूर गेन्पेई आडवा झाला. "मुकादम, पोरं जाऊ देत. पोरी नकोत. डोंगरदेवीला बाईमाणसाचा मत्सर. डोंगर अंगावर घालेल."

देवीनं हे कुणाच्या कानात सांगितलं? पुरुषांच्याच! आणि बाईचं पाऊल न पडताही बोगदे कोसळलेच होते. इवाओला हे कळत नव्हतं थोडंच! पण सगळे मजूर बघत होते.

"पोरींनी तंबूत बसून भाताचे गोळे वळायचे," तो म्हणाला.

"पण बाबा, माझ्या जन्माच्या वेळी आईनं मुठीत बोगद्याचाच दगड धरला होता ना? सुखरूप सुटावी म्हणून तुम्हीच आणलेला. दगड चालतो, मग मी का नाही?"

मजूर फिदीफिदी हसले. इवाओ पेटला. "तोंड वर करून बोलू नकोस! आत कुणी मेलं तर पाप तुझ्या माथी!"

आतून ड्रिल धरलेल्या पोरांच्या आरोळ्या येत राहिल्या.

संध्याकाळी अंगणातला डोंगर सपाट होता. "तिनंच तुडवला," सायो म्हणाली. "देवी बरी हो! ती नाही कोसळली, तुम्ही कोसळलात पोरीवर."



रविवारी काम बंद असताना इवाओनं लेकीला बोगद्यापाशी नेलं, स्वतःचं हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवलं. उजेड संपतो तिथं ती थबकली.

"चल ना. आत कुणी नाही."

"उद्या येतील ना. गेन्पेईआजोबा मेले तर?"

इवाओ तिच्यासमोर उकिडवा बसला. "कुणी मरत नाही गं, तुझ्यामुळे. खोटं बोललो मी. लोकांना भ्यालो."

चिझुरूनं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. "मग त्यांना सांगा. मी नंतर येईन."

सोमवारी सकाळी हजेरीला मजूर रांगेत उभे राहिले. पुढे गेन्पेई. पोरीवर सपासप चाललेली मुकादमाची जीभ आज टाळ्याला चिकटली होती.

शेजारी दप्तर घेऊन चिझुरू उभी होती.

"बोला, बाबा," ती हळूच म्हणाली.