अब्बांच्या हृदयावरची लाट

लॅपटॉपवरची लाट पुन्हा भलतीकडेच वळली, तशी यूम्ना उठली आणि उगाचच गॅलरीत जाऊन आली. खाली पनवेलच्या बाजारात रिक्षांचा गोंगाट चालला होता. तिचं कशातच लक्ष लागेना.

वक्र पृष्ठभागांवरची समीकरणं संगणकाने सोडवणं हा तिचा पीएच.डी.चा विषय. गोल झाले, वाकड्यातिकड्या नळ्या झाल्या, आणि मग तिने वडिलांचंच हृदय घेतलं. यूनुसभाईंचे ठोके गेलं वर्षभर अनियमित पडत होते. त्यांच्या स्कॅनवरून तिने हृदयाच्या एका कप्प्याची भिंत छोट्या छोट्या त्रिकोणांनी मढवली आणि तिच्यावरून विजेची लाट कशी धावते ते सोडवलं. लाट एका शिरेच्या तोंडाशी भोवऱ्यासारखी फिरत राहिली. बिघाड तिथेच, अशी तिची खात्री झाली. हुरळून तिने डॉक्टरांना कळवलंही. गुरुवारी बारीक नळी आत घालून बिघडलेली जागा जाळायची होती. आधी तिथेच बघतो, असं ते म्हणाले होते.

आज तिने त्रिकोण आणखी बारीक केले, तर भोवरा सरकून खाली गेला. म्हणजे पहिला भोवरा हृदयाचा नव्हताच, तिच्या ढोबळ त्रिकोणांचा होता. आणि हा नवा तरी खरा कशावरून?

"काय झालं बेटा? मघापासून घरभर फिरतेयस," अब्बांनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. समीकरण त्यांना कळलं नाही. मुलीला डॉक्टरांना फोन करायची लाज वाटतेय, एवढं बरोबर कळलं.

"उद्या करते," ती म्हणाली.

"छाती माझी आहे. आत्ताच कर."

डॉक्टर रागावले नाहीत. आत गेल्यावर आम्ही तिथली वीज मोजूनच घेतो, म्हणाले. पण मग आता तिचं उत्तर काय, असंही त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे उत्तर नाही," यूम्ना म्हणाली.

गुरुवारी इस्पितळात तिची आई हव्वाबी तसबीहचे मणी ओढत बसली होती आणि यूम्ना येरझारा घालत होती. डॉक्टर बाहेर आले. बिघाडाच्या दोन जागा सापडल्या होत्या. एक नव्या भोवऱ्याच्या जवळ. दुसरी तिला कधी दिसलीच नव्हती. दोन्ही जाळल्या, ठोके सुरळीत झाले, असं त्यांनी सांगितलं.

हव्वाबीने अल्लाहचे आभार मानले आणि डोळे पुसले. यूम्नालाही हायसं वाटलं, पण ती बसली नाही. डॉक्टर वळले तशी ती त्यांच्यामागे गेली आणि आत घेतलेली मोजमापं मिळतील का, म्हणून विचारू लागली.