हातभर अंतर

लेकाशी लावलेली पैज साधी होती. फरशीवाला येईल त्या दिवशी परसातून चौघांना पुरेल एवढी भाजी निघाली, तर परस माझं. नाही निघाली, तर तिथे फरशी बसणार आणि लेकाची गाडी उभी राहणार. मी लगेच हो म्हटलं. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, एकाही गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणून परत पाठवलं नाही. शब्द म्हणजे शब्द.

पण त्या शिवणकामानंच घात केला. कापड वाया जाऊ द्यायचं नाही, ही हाताची सवय. मग मातीची पट्टी तरी मोकळी कशी सोडणार? टोमॅटोची रोपं चार-चार बोटांवर लावली. भर उन्हाळ्यात ती एकमेकांच्या उरावर बसली. पानं पिवळी, फळं बुडाशी काळी. काकडी कडू जहर. घेवड्याच्या शेंगा मोजून सात. कडेच्या झिनियाच्या फुलांना मात्र गर्दी मानवली. लाल, केशरी, गुलाबी, नुसता धुडगूस. लेक म्हणाला, "फुलं काय फोडणीला घालायची?" मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

फरशीवाला सकाळी आला, तेव्हा मी कापडाची कात्री घेऊन टोमॅटोच्या ओळीत बसले होते. एकाआड एक रोप बुडातून कापत होते. चांगल्या कापडाच्या चिंध्या करायच्या, तसं जिवावर येत होतं.

लेकाला वाटलं, मी जागा मोकळी करतेय. "राहू दे आई, ते उपटतील सगळं."

"कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "उरलेल्यांना वारा लागावा म्हणून कापतेय."

"अगं, पण तू पैज हरलीस."

"हरले."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. आता मोडला." बोलले खरी. पण लाज वाटली नाही. "गाडी रस्त्यावर राहते तशी राहू दे. ती काही सुकत नाही."

फरशीवाला टेप उघडून उभाच होता. "मावशी, मग मी माप घेऊ का नको?"

"घ्या की. या रोपापासून त्या रोपापर्यंत. हातभर भरतंय का सांगा, टोमॅटोला तेवढी जागा लागते."

त्याने लेकाकडे पाहिलं. मग वाकून टेपचं टोक माझ्या हातात दिलं.

"अर्धंसुद्धा नाही, मावशी."

मी पुढचं रोप कापलं.