मेंढीच्या हृदयातले छिद्र

मित्रांनो, मी सुरी आहे, आता जुनी झालेली. पण माझ्या पात्याखाली कधी भाजी आली नाही. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी आयुष्यभर हृदये उघडली.

एकाच पोलादी तुकड्यातून मला घडवले. दर सोमवारी प्रयोगशाळेतले मामा दगडावर तेल टाकून मला धार लावत. कत्तलखान्यातून हृदये आणण्याचे कामही त्यांचेच. सशाचे हृदय बोटाच्या पेराएवढे, मेंढीचे मुठीएवढे, बैलाचे ओंजळीत न मावणारे. आत मात्र तेच चार कप्पे: वर दोन, खाली दोन आणि मध्ये पडदा. खालच्या डाव्या कप्प्याची भिंत उजवीच्या जवळजवळ तिप्पट जाड, कारण डावीकडून रक्त साऱ्या शरीरभर ढकलायचे असते, उजवीकडून फक्त फुप्फुसांपर्यंत.

बैलाच्या हृदयात मोठ्या धमनीच्या मुळाशी एक लहानसे हाड असते. त्यावर आपटून एकदा माझ्या धारेचा टवका उडाला. मामा म्हणाले, "बघा, याच्या काळजात हाड, आणि आमच्या साहेबांच्या जिभेला नाही!" सगळी मुले हसली. तेव्हा माझे कौतुकही फार होई.

एका मुलीला सगळे मोजपट्टी म्हणत. दिसेल ते मोजायची. एकदा ती नापास झाली होती. या खेपेलाही नापास झाली तर शिक्षण बंद, असे वडिलांनी सांगितले होते. परीक्षेत तिच्या ट्रेमध्ये मेंढीचे हृदय आले आणि हातात मी.

तिने मला सरळ, बेताने चालवले. मग बराच वेळ मोजत राहिली.

"मॅडम, दोन्ही भिंती सारख्याच जाड येतायत. तीनदा मोजलं."

"सारख्या कशा येतील? तिरकं कापलंस, म्हणून उजवी जाड दिसतेय." मॅडमनी चिमट्याने पडदा उचलला. "आणि हे भोक? पडदाही फाडलास?"

"मी नाही पाडलं ते."

"मग काय, मेंढी भोक घेऊन जन्माला आली?"

वर्ग हसला. मोजपट्टीने मान खाली घातली. पण वहीतला आकडा बदलला नाही. मला ठाऊक होते, त्या छिद्रापर्यंत मी पोहोचलेच नव्हते. पण सुरीला विचारतो कोण?

मोजपट्टी नापास झाली.

तिसऱ्या दिवशी ट्रे धुताना मामा थबकले. भिंग घेऊन मॅडमकडे गेले.

"हे आपल्या सुरीचं काम नाही, मॅडम. सुरीनं कापलेली कड कशी ताजी, धारदार असते. ही कड बघा, गोल, पांढरी, गुळगुळीत."

मॅडमनी खूप वेळ पाहिले. जन्मापासून त्या छिद्रातून डावीकडचे रक्त उजवीकडे शिरत होते. जास्तीचा भार पेलून उजवी भिंत जाड झाली होती. मोजपट्टीचा आकडा खरा होता.

"निकाल कालच वर गेला, मामा."

"मग मागवा की परत. पोरीचं शिक्षण सुटेल हो."

"आणि सांगू काय? मला दिसलं नाही म्हणून?"

मामांनी भिंग पुसून जागेवर ठेवले.

ते हृदय आता बरणीत आहे. चिठ्ठीवर सुंदर अक्षरात लिहिले आहे: 'मेंढी. पडद्यातले जन्मजात छिद्र.' दरवर्षी नव्या मुलांना ते दाखवतात. कुणी विचारले, "मॅडम, हे कुणाला सापडलं?" तर त्या म्हणतात, "आपल्याच लॅबमध्ये सापडलं." मोजपट्टी पुन्हा कधी आली नाही.

मित्रांनो, मी आता खणात गंजते आहे. काम झाल्यावर आम्हांला धुऊन, पुसून ठेवत जा, एवढे तर सांगेनच. पण कुणाचा आकडा पुस्तकाशी जुळला नाही, तर त्याच्या हातावर खापर फोडण्याआधी छिद्राची कड नीट पाहा. निकाल पाठवण्याआधी पाहा. नंतर कळलेले खरे फक्त बरणीत ठेवता येते.