चंद्रकोरीशेजारचा ठिपका

गुहेच्या छताला लाल रंगात एक चंद्रकोर होती आणि तिच्या पोटाशी किरणं फुटलेला मोठा ठिपका. धाकट्या दिराने तो पाहिला आणि त्याला अन्न गोड लागेना. दीर खगोलशास्त्रज्ञ. हजारएक वर्षांपूर्वी एक तारा फुटून दिवसाढवळ्या दिसला होता. हा तोच, असं त्याने ठरवूनच टाकलं.

वहिनी पुरातत्त्व खात्यात. गुहेचं काम तिच्याकडेच होतं. "भावजी, आधी वय काढू द्या," ती म्हणाली, "बारसं मागाहून."

झिरपत्या पाण्यामुळे चित्रावर चुन्याचा पांढरा थर धरला होता. थर चित्रानंतरचा, म्हणजे त्याचं वय कळलं की चित्र त्याहून जुनं, एवढं नक्की. तो खरवडायला तिने नवऱ्याकडे दात कोरायचा ड्रिल मागितला. दंतवैद्य नवरा ड्रिल कुणाच्या हाती देत नसे, म्हणून स्वतःच आला. मान वर करून त्याने चित्र न्याहाळलं.

"दाढ आहे. किडलेली."

दोघांनीही ते ऐकलं न ऐकलं केलं.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं ते नेमकं दिराच्या या ताऱ्यावरच्या व्याख्यानाच्या सकाळी. तो आरशासमोर टाय बांधत होता.

"थर तीन हजार वर्षांचा आहे," वहिनी दारातून म्हणाली. "चित्र तुमच्या ताऱ्याच्या निदान दोन हजार वर्षं आधीचं."

टायची गाठ सुटली. "चित्र काढणाऱ्यांना आधीच चाहूल लागली असेल?"

"भावजी."

"बरं, बरं."

सभागृह भरलेलं होतं. त्याने चित्र पडद्यावर आणलं, घसा खाकरला, ग्लासभर पाणी संपवलं. "हा फुटलेला तारा आहे, हे सांगायला मी येणार होतो. पण घरच्याच माणसाने तोंडघशी पाडलं." आणि त्याने माइक सरळ वहिनीच्या हाती दिला. ती गडबडली, पण थराबद्दल बोलता बोलता रंगली.

"मग हे आहे तरी काय?" पहिल्या रांगेतल्या बाईंनी विचारलं.

"चंद्र आणि शुक्र असतील," दीर म्हणाला.

"शेळीही असेल," वहिनी म्हणाली. "खरं म्हणजे माहीत नाही."

परतताना गाडीत दीर खिडकीतून एकटक आभाळाकडे बघत बसला. वहिनीला वाईट वाटलं. "रागावलात?"

"छे. तीन हजार वर्षांपूर्वी दुसरा कुठला तारा फुटला होता का, ते आठवतोय."

वहिनीने कपाळाला हात लावला.