काचेमागे

"हलू देऊ नकोस गं, खांदे घट्ट धर," म्हणत ताईने काचेमागून बटण दाबलं.

एक्स-रेच्या टेबलावरच्या मुलाने भोकाड पसरलं होतं. त्याच्यावर वाकलेली भावजय त्याला चुचकारत होती. मुलाचे वडील दाराबाहेर उभे होते. नातेवाइकांना शिशाचा ॲप्रन चढवा, कुठे धरायचं ते समजावा, तरी फोटो हलणार आणि बाहेरची रांग खोळंबणार. त्यापेक्षा काउंटरवर बसणाऱ्या भावजयीला हाक मारणं सोपं. ॲप्रनचा पट्टा तुटला होता. तो खुंटीवरच असायचा.

भावजयीला इथे ताईनेच चिकटवलं होतं. घरात बसून कंटाळतेस, चल माझ्याबरोबर, म्हणून.

दुपारच्या चहाला भावजय खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हाला सगळ्यांच्या आधी सांगते. मला दिवस गेलेत. तिसरा लागलाय."

ताईने कप टेकवला, तो बशीवर वाजलाच.

"आनंद नाही झाला?"

"झाला गं." ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

निघण्याआधी ताई डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"बहुतेक काही होणार नाही. बाजूला उडणारे किरण थोडेच असतात. पण तिला बॅज नाही, म्हणजे आजवर किती लागले ते कळायला मार्ग नाही. तिच्या डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ॲप्रन का नव्हता?"

ताईचा हात नकळत स्वतःच्या खिशावरच्या बॅजकडे गेला. वर्षानुवर्षं तिने तो न चुकता लावला होता.

"मी सांगू तिला?" डॉक्टर म्हणाले.

"नको. मीच सांगते."

घरी जाताना, औषधांच्या दुकानापुढे रस्ता ओलांडायला दोघी थांबल्या, तेव्हा ताईने सांगितलं. डॉक्टरांचं 'बहुतेक'ही सांगितलं. सिग्नल सुटला. लोक दोघींना वळसा घालून पुढे गेले. भावजय जागची हलली नाही.

"म्हणून तुम्ही काचेमागे उभ्या राहायचात?"

"हो."

"मला वाटायचं, बटण तिथे आहे म्हणून."

दोघी चालू लागल्या. ताईने तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर तिने ती दुसऱ्या खांद्यावर टाकली.

घरी मात्र भावजयीने गोड बातमी सांगितली. तेवढीच. भाऊ उगाचच स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आला. आईने सुनेला जवळ ओढलं, तिच्या गालांवरून हात फिरवला.

"आता जपून हं. अर्थात, दिवसभर ताई असते तुझ्याजवळ. मला कसला घोर?"

भावजयीने मान खाली घातली. पदराची कड बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. तिने नुसतं ताईकडे पाहिलं असतं, तरी ताईला सोपं गेलं असतं. तिने पाहिलं नाही.

कोपऱ्यात बातम्या मोठ्याने चालू होत्या.

"आई," ताई म्हणाली, "टीव्ही जरा बंद करतेस?"