पावाच्या उंचीचं अधिक-उणे

आमच्या पावाच्या कारखान्यात चाचण्या माझ्याकडे आणि सह्या मोठ्या दिरांकडे, म्हणजे दादांकडे. यीस्ट विकायला आलेल्या गृहस्थांनी त्यांच्यापुढे छापील अहवाल सरकवला.

"आमच्या यीस्टच्या पावाची उंची बारा सेंटिमीटर, अधिक-उणे शून्य पूर्णांक दोन. तुमच्या पावाची बारा, अधिक-उणे एक. म्हणजे आमचे पाव पाचपट एकसारखे."

दादांनी पेन उघडलं. माझं डोकंच फिरलं.

"दादा, थांबा. खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघा: सरासरीची प्रमाण त्रुटी, शंभर पाव. आपला आकडा पावापावांत फरक किती, ते सांगतो. यांचा आकडा सरासरी किती पक्की, एवढंच सांगतो. ढीगभर पाव भाजले की तो आपोआप लहान होतो, पाव मात्र होते तसेच वेडेवाकडे. शंभराचं वर्गमूळ दहा, त्याने गुणा. यांचा खरा फरक दोन सेंटिमीटर. आपल्या दुप्पट."

"मॅडम, तज्ज्ञांचा अहवाल आहे हा."

"अहवाल बरोबरच आहे. वाचणारा चुकला."

त्या गृहस्थांनीच नमुना म्हणून आणलेले चार पाव मी टेबलावर मांडले, वर ट्रे ठेवला आणि ट्रेवर त्यांचा चहा. ट्रे कलला, कप घसरला आणि चहा अहवालभर पसरला. मग मी आमचे चार पाव मांडले. ट्रे जागचा हलला नाही.

दादांनी पेनाला टोपण लावलं. स्वतः उठून दुसरा कप भरला आणि आमच्या पावांवरच्या ट्रेवर ठेवला.

"घ्या," ते म्हणाले, "हा सांडायचा नाही."