सातव्या नंबरचं माप

दुकानात नियम एकच होता, पण तो मास्तरांनी घातलेला असल्यामुळे त्याला पळवाट नव्हती. मापाच्या वहीत चढल्याशिवाय कापडाला कात्री लागायची नाही. गिऱ्हाईक दारात पाय आपटत उभं असो की मास्तरांची स्वतःची पँट असो, आधी नंबर, मग खूण, मग छाती, कंबर, उंची, आणि मग कात्री.

खूण म्हणजे मास्तरांनी ठेवलेलं टोपणनाव. पूर्वी वहीत खरी नावं असायची. मग एका मुख्याध्यापिकाबाईंनी सहज वही उघडून आपल्या नावापुढे आपली कंबर वाचली आणि असा काही आवाज चढवला की समोरच्या फुटपाथवरचे लोक थांबून बघायला लागले. त्या दिवसापासून नावं बंद. आता वहीत 'उतरता खांदा' होता, 'दोन हनुवट्या' होत्या, 'श्वास रोखणारी' होती. ही माणसं कोण, ते दोघांनाच ठाऊक होतं: मास्तरांना आणि सुईला.

सुई हेही मास्तरांनीच ठेवलेलं नाव. ती पंधरा वर्षांची काडीसारखी पोर असताना तिचा बाप तिला घेऊन दुकानाच्या पायरीखाली उभा राहिला होता. बाप गटारं उपसायचा. मास्तर मोठ्या जातीचे, आजोबा देवळात पूजा करणारे. त्यांनी या पोरीला कामावर ठेवलं याचंच तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं. पहिली दोन वर्षं ती दाराशी बसून काज-बटण करायची आणि तिचा पेला वेगळा, विजेच्या मीटरवर ठेवलेला असायचा. तिसऱ्या वर्षी एका दुपारी मास्तरांनी हात लांब करून तिची पाण्याची बाटली उचलली, घटाघटा प्यायले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाही कापायला लागले. त्या दिवशी घरी जाऊन सुई आईला मिठी मारून रडली होती. एवढ्याशा गोष्टीवर माणूस स्वतःला दुसऱ्यावरून ओवाळून टाकतं. हे बरं की वाईट ते ज्याचं त्याने ठरवावं, पण सुईने पुढची वीस वर्षं तेच केलं.

छापखान्याच्या माडीवरच्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या खोलीत ती चार वर्षांपासून जात होती. पहिल्या दिवशी ती सवयीने दाराशीच बसली. पाळक म्हणाले, पुढे या. ती हलली नाही. तेव्हा पाळकांनी आपली खुर्ची उचलली, दाराशी आणली आणि तिथूनच बोलायला सुरुवात केली. सगळ्या लोकांना माना वळवून बसावं लागलं. देवाबद्दल त्या दिवशी काय सांगितलं ते सुईला आठवत नाही, खुर्ची आठवते.

यंदा त्या खोलीतले बारा जण पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेणार होते. बारा पांढरे झगे लागणार होते आणि ते सुईशिवाय कोण शिवणार? पाळकांनी तेवढं एक बजावलं, "कुठे काही लिहून ठेवू नका. दिवस बरे नाहीत."

"आमच्या वहीत नावं नसतातच," सुई म्हणाली. आणि तिने नेहमीसारखं सगळं वहीत चढवलं. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय. न लिहिता कापड कापायचं तर तिचा हातच चालला नसता.

मापं एका सुट्टीच्या सकाळी झाली. शटर अर्धं खाली ओढलेलं, सुई टेप धरून, आणि आकडे लिहायला तिची धाकटी बहीण. पहिला वेल्डर, म्हणजे उतरता खांदा. दुसरी इस्त्रीवाली. तिसरा इस्पितळातला झाडूवाला, ज्याची खूण 'गप्प' होती कारण त्याचं तोंड झोपेतही बंद नसायचं. सहा झाले आणि कापणीच्या टेबलामागून मास्तर उठून आले. बायको गेल्यापासून तेही त्या खोलीत येत. शेवटच्या ओळीमागे, कानाला मफलर गुंडाळून, लवकर उठून जाणार. सुईला वाटे, येतात तेच खूप.

"माझंही घे," मास्तर म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात पसरले आणि डोळे मिटले. सुईने त्यांच्या छातीभोवती टेप घातला. बावीस वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदा हात लावला होता. छाती अडतीस, खांदा साडेसतरा. आकडे तिने बहिणीला दोनदा सांगितले.

"खूण काय लिहू?" बहिणीने विचारलं.

"मला कसली खूण? नुसता सात घाल," मास्तर म्हणाले आणि तिघंही हसली.

आठवी स्वतः बहीण. तिची खूण 'शेपूट', कारण लहानपणी ती सुईच्या मागेमागे दुकानात येऊन चिंध्यांत बसायची. तिने लग्न केलं ते औषधाच्या दुकानातल्या एका कारकुनाशी, वरच्या जातीच्या मुलाशी, आपल्या मर्जीने. सासूने तिला घरात घेतलं, पण स्वयंपाकघरात पाच वर्षांत पाऊल टाकू दिलं नाही. "जात खालची असली तरी धर्म तरी आपला हिंदूच आहे," असं सासू शेजाऱ्यांना सांगायची, जणू सून सदोष माल होती आणि तेवढी एक बाजू चांगली निघाली होती. झग्याचं त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. कळलं असतं तर बहीण तीन वर्षांच्या लेकीसकट जिन्यावर आली असती. लेक ठेवून घेतली असती तर एकटीच.

सोमवारी वेल्डरच्या दारात माणसं आली. शहरात धर्माची राखण करणारं एक मंडळ होतं, त्याची माणसं. त्यांनी वेल्डरचा गॅसचा सिलिंडर रस्त्यावर गडगडवला, घरमालकाला बोलावून खोली रिकामी करायला लावली आणि एका कागदावर त्याची सही घेतली: मला आमिष दाखवून बाटवलं, मी परत येत आहे. वेल्डर म्हणत राहिला की अजून मी पाण्यात उतरलोही नाही. त्याच दुपारी इस्त्रीवालीचा कोळसा गटारात गेला. मंगळवारी झाडूवाल्याला इस्पितळाच्या फाटकातच धरलं, पुढचे दोन दात पडले. आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर गप्प झाला.

प्रार्थनेच्या खोलीत एकमेकांकडे संशयाने बघणं सुरू झालं. कुणी फोडलं? पाळकांच्या स्वयंपाकिणीपासून छापखान्याच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांवर बोट गेलं. बुधवारी आणखी तीन घरं झाली. गुरुवारी सकाळी घरच्या मशीनवर दोरा ओवताना सुईच्या मनात उगाच मोजणी सुरू झाली. वेल्डर, इस्त्रीवाली, झाडूवाला, चौथी, मग पाचवी नि सहावा. ही नात्याची रांग नव्हती, घरांचीही नव्हती. माडीवर माणसं अशा क्रमाने बसतही नव्हती.

ही मापाची रांग होती.

वही चोरीला गेली, एवढंच तिला सुचलं. आणि लगेच दुसरं: आज सातवा नंबर. मास्तर. ती घरून चपलाही नीट न घालता धावत सुटली. धावताना तिला मास्तरांचं वय दिसत होतं, त्यांचे दुखरे गुडघे दिसत होते. त्यांच्यानंतर आठवी आपली बहीण आहे हे तिला दुकानाच्या पायरीपर्यंत आठवलंही नाही, आणि याची तिला पुढे कायम लाज वाटली.

मास्तर टेबलावर कोटाचं कापड पसरून खडूने रेघ मारत होते. काच शाबूत होती. दुकान झाडलेलं होतं.

"मास्तर, शटर ओढा. वही त्यांच्याकडे गेलीय. आज तुमच्याकडे येतील."

मास्तरांनी रेघ पुरी केली. मग म्हणाले, "वही खणात आहे."

सुईने खण उघडला. वही होती. तिने झग्यांची पानं काढली, एकेका नंबराला एकेक पान. एक नंबर, दोन नंबर, सहा. मग आठ. मधलं पान नव्हतं. फाडलेलं नव्हतं, शिवणीपाशी कात्रीने सरळ कापलेलं होतं. इतकं सरळ कापणारा हात त्या बाजारात एकच होता.

तरीही सुईने विचारलंच, कारण मन किती मूर्ख असतं. "वही तुमच्याकडून हिसकावून घेतली होती का?"

"चौघे आले होते. एकगठ्ठा पांढरं कापड कुणी नेलं ते कापडवाल्याने सांगितलं त्यांना. काच फोडू म्हणाले. मुलीचं लग्न ठरलंय माझ्या, सुई. मी काय करणार होतो?"

"वही दाखवलीत. पण वहीत नावं कुठे आहेत?"

मास्तरांनी मारलेलीच रेघ खडूने पुन्हा गिरवली.

"उतरता खांदा म्हणजे वेल्डर, हे त्यांना कुणी सांगितलं, मास्तर?"

"त्यांना खुणा उलगडेनात," मास्तर कापडाकडे बघत म्हणाले. "मग विचारलं त्यांनी एकेक."

म्हणजे हा माणूस इथे, या टेबलाशी बसून, एकेका खुणेवर बोट ठेवून सांगत गेला होता. ही अमकी, हिचं घर तिकडे. हा तमका, कामाला इस्पितळात. सुईला वाटलं होतं आपल्याला राग येईल. तिने नुसती वही मिटून खणात ठेवली.

"शेपूटही सांगितलंत?"

"तुझं नाव नाही घेतलं मी," मास्तर घाईने म्हणाले. "बारावं पान तुझं, ते मी वाचलंच नाही त्यांना. तुझ्यासाठी एवढं केलं. आईची शपथ."

या शेवटच्या वाक्यावर, सांगायलाही संकोच वाटतो, पण सुईचे डोळे भरून आले. इतकं होऊनही त्यांनी आपल्याला वाचवलं, असं तिला क्षणभर वाटलं. मग ती बहिणीच्या घराकडे पळाली.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. मंडळाची दोन माणसं सोफ्यावर बसली होती, सासू खुर्चीत, बहिणीचा नवरा खिडकीशी पाठमोरा. बहीण मधोमध उभी, कडेवर लेक. टेबलावर कागद. आरडाओरडा नव्हता, काही फुटलेलं नव्हतं. जिना चढताना सुईने ठरवून टाकलं होतं: सगळं आपल्यावर घ्यायचं. मीच नेलं, मीच फसवलं, तिला काही कळत नाही. बहिणीचं घर राहिलं पाहिजे, बाकी काय व्हायचं ते होवो.

"काकू, तिचा काही दोष नाही," ती दारातूनच म्हणाली. "सगळं माझं..."

"ते लिहिलंय," सोफ्यावरचा टक्कल पडलेला माणूस म्हणाला. "वाचता येतं ना? वाचा."

सुईने वाचलं. माझ्या थोरल्या बहिणीने मला घर तोडण्याची धमकी देऊन आणि शिलाई मशीनचं आमिष दाखवून धर्म बदलायला भाग पाडलं. तिने इतर नऊ गरीब लोकांनाही असंच फसवलं आहे. तिच्यावर कारवाई व्हावी. खाली बहिणीची सही होती. शाई वाळलेली होती. जे सुई स्वतःहून द्यायला आली होती ते आधीच तिच्याकडून घेऊन झालं होतं. एक शब्द विचारला असता तर तिने आपल्या हाताने लिहून दिलं असतं.

सहीच्या खाली साक्षीदाराची जागा होती. तिथलं अक्षराचं वळण तिने बावीस वर्षं रोज वाचलं होतं. तारीख कालची होती. म्हणजे सकाळी मास्तरांनी आईची शपथ घेतली तेव्हा हा कागद तयार होता.

आता मात्र तिच्या अंगाची आग झाली. या माणसाला वाचवायला आपण चपलाही नीट न घालता पळालो. "हे साक्षीदार?" ती म्हणाली. "बारा झग्यांतला सातवा झगा यांचा आहे. दोन वर्षं येतात ते प्रार्थनेला. मी माप घेतलंय त्यांचं. छाती अडतीस, खांदा साडेसतरा."

दोन्ही माणसं एकमेकांकडे बघून हसली. सासूही हसली. "मास्तर?" ती म्हणाली. "त्यांचे आजोबा देवळात पूजा करायचे. तुमच्या जातीच्या माणसाकडून ते अंगाला हात लावून घेतील?"

"पान कुठे आहे मग?" टकल्याने विचारलं. "वही आम्ही पाहिली आहे. सात नंबर नाहीच त्यात."

"पान कापलं त्यांनी."

"कुणी पाहिलं तुम्हाला माप घेताना?"

सुईने बहिणीकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. खिडकीशी उभा असलेला नवराही वळला. आकडे जिने लिहिले होते, खूण काय लिहू म्हणून जिने विचारलं होतं, ती मधोमध उभी होती. लेकीने तिच्या गळ्यात हात टाकले होते. सासूच्या मागे स्वयंपाकघराचं दार होतं आणि आज ते पुरतं उघडं होतं.

बहिणीने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मी तिथे नव्हते," ती म्हणाली. "ताई खोटं बोलतेय."